गिलोटिनखाली गेलेला आपला वाटा

जयंतीची वर्गणी मागायला कार्यकर्ते दारात आले की आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया एकच प्रश्न विचारतात: "मागच्या सालाचा हिशोब कुठंय?" हिशोब विहाराच्या भिंतीवर लागलेला नसेल तर पावती फाटत नाही. मंडप किती, वाजंत्री किती, अन्नदान किती, शिल्लक किती आणि ती कुणाकडे, हे सगळे चारचौघांत वाचून दाखवावे लागते. पन्नास-शंभर रुपयांच्या वर्गणीला आम्ही जो नियम लावतो, तोच नियम संविधानाने देशाच्या तिजोरीला लावला आहे. आधी मांडा, मग चर्चा करा, मग मत घ्या, मग खर्च करा, आणि शेवटी हिशोब द्या.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. आपल्या हक्काचा पैसा बहुतेक वेळा सभागृहातली चर्चा गाळल्यामुळे जातो. दलाल आणि बनावट लाभार्थी नंतर येतात, दार आधी वरून उघडलेले असते. आणि गंमत अशी की "चोरी रोखण्यासाठी" म्हणून जो कायदा आणला जातो, त्याचीही चर्चा तशीच गाळली जाते.

हे आम्हाला शिष्यवृत्तीने शिकवले. आमच्या अभ्यासवर्गात इंजिनिअरिंग, नर्सिंग आणि फार्मसीची मुले-मुली येतात. एका वर्षी त्यातल्या चार मुलींची कागदपत्रे कॉलेजने अडवून ठेवली, कारण शिष्यवृत्तीचा हप्ता जमा झाला नव्हता. कॉलेज म्हणाले, सरकारकडे मागा. जिल्ह्याचे कार्यालय म्हणाले, वरून निधी आला नाही. आम्ही निवेदन दिले, धरणे धरले. साहेबांनी निवेदन घेतले, फोटो काढू दिला, आणि पुन्हा तेच: वरून निधी आला नाही. तेव्हा अभ्यासवर्गातल्या एका ताईने विचारले, "वर म्हणजे कुठे? पैसा मंजूर झाला होता का? झाला असेल तर कोणत्या लेखाशीर्षाखाली?" ताई बँकेत कारकून आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांनाच सुचला. त्या प्रश्नावर आमचे पुढचे तीन महिने गेले.

त्या तीन महिन्यांत जे कळले ते प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात प्रत्येक खात्याला एक इंग्रजी अक्षर असते. सामाजिक न्याय खात्याचे अक्षर 'एन', आदिवासी विकासाचे 'टी'. अनुसूचित जाती-जमातींच्या कल्याणाचे मुख्य लेखाशीर्ष 2225. आणि कोणत्याही खात्याच्या पुस्तकात, मग ते शेतीचे असो की ऊर्जेचे, 789 हा आकडा दिसला की तो अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेचा पैसा. 796 दिसला की आदिवासी उपयोजनेचा. शेजारी रकाने असतात: मागच्या एका वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. मूळ अंदाज मोठा आणि सुधारित अंदाज बारीक दिसला, तर समजावे की मार्चमध्ये टाळ्या घेऊन जाहीर केलेली रक्कम वर्षभरात गुपचूप कापली गेली. "वरून निधी आला नाही" या वाक्याचा पत्ता याच दोन रकान्यांच्या मध्ये आहे.

आता हा पैसा मंजूर कसा होतो ते पाहू. कलम 266 सांगते की कायद्याशिवाय एकत्रित निधीतून एक पैसाही काढता येत नाही. राज्यात कलम 202 प्रमाणे अर्थसंकल्प मांडला जातो. कलम 203 प्रमाणे प्रत्येक खाते विधानसभेकडे अनुदानाची मागणी करते, आणि विधानसभा ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. ती वाढवता येत नाही. मग कलम 204 प्रमाणे विनियोजन विधेयक येते आणि ते मंजूर झाल्यावरच तिजोरीचे कुलूप उघडते. केंद्रात हीच व्यवस्था कलम 112 ते 114 मध्ये आहे. मागणीवर बोलण्यासाठी आमदार-खासदाराच्या हातात एक हत्यार असते, त्याला कपात सूचना म्हणतात. लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत: धोरण मान्य नाही म्हणून मागणी एक रुपयावर आणा, काटकसरीसाठी अमुक रक्कम कमी करा, किंवा एका विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधण्यासाठी शंभर रुपये कापा. शंभर रुपयांनी कुठल्याही खात्याचे काही बिघडत नाही. पण ती सूचना चर्चेला आली की त्या तक्रारीवर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. आमच्या चार मुलींच्या कागदपत्रांची किंमत सभागृहात शंभर रुपयांच्या एका सूचनेएवढी होती. ती मांडणारा कुणी पाहिजे होता.

पण सूचना मांडली तरी ती चर्चेला येईलच असे नाही, कारण मध्ये गिलोटिन आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत मुंडकी उडवणारे जे यंत्र होते, त्याचेच नाव संसदेने या प्रथेला दिले आहे. मागण्यांसाठी ठरलेले दिवस संपले की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. मुळात ही सोय वेळेवर काम संपावे म्हणून आहे. पण 14 मार्च 2018 रोजी लोकसभेने सगळ्याच मागण्या, विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक सुमारे अर्ध्या तासात, चर्चेविना मंजूर केले. 23 मार्च 2023 रोजी गोंधळात पुन्हा तेच झाले, सुमारे 45 लाख कोटी रुपयांचा खर्च काही मिनिटांत मंजूर. 2018 च्या त्याच वित्त विधेयकात राजकीय पक्षांच्या परदेशी देणग्यांना 1976 पासून मागे जाऊन सूट देणारी दुरुस्ती होती. जिथे चर्चा नसते तिथे असा माल सहज पार होतो.

आता "फसवणूक रोखण्याच्या" कायद्याकडे येऊ. आधार कायदा कशासाठी आणला, तर अनुदानातली गळती थांबावी, खोटे लाभार्थी गळावेत, पैसा थेट हक्काच्या माणसाला मिळावा. हेतू वाचला तर आपल्यासारखाच माणूस बोलतोय असे वाटते. दलालाने खाल्लेली शिष्यवृत्ती आपल्याइतकी कुणाला सलते? पण हा कायदा झाला कसा ते पाहा. 3 मार्च 2016 रोजी विधेयक लोकसभेत आले, धन विधेयक म्हणून. 11 मार्चला मंजूर झाले. धन विधेयक असल्यामुळे कलम 109 प्रमाणे राज्यसभेला ते नाकारता येत नाही, फक्त चौदा दिवसांत शिफारस करता येते. राज्यसभेने 16 मार्चला पाच दुरुस्त्या सुचवल्या. त्यातली एक अशी होती की ज्याला आधारमधून बाहेर पडायचे आहे त्याला पडता यावे. लोकसभेने त्याच दिवशी पाचही दुरुस्त्या फेटाळल्या. कोट्यवधी गरिबांच्या ताटाशी बांधला गेलेला कायदा, लोकसभेत मांडल्यापासून तेरा दिवसांत तयार.

एखादे विधेयक धन विधेयक आहे की नाही यावर लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम, असे कलम 110 म्हणते. 26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी आधार कायदा काही कलमे वगळून टिकवला आणि तो धन विधेयक म्हणून आणणे मान्य केले. पण न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळा निकाल दिला आणि अशा रीतीने कायदा करणे ही संविधानाशी केलेली फसवणूक आहे असे लिहिले. नोव्हेंबर 2019 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने धन विधेयकाचा हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. निवडणूक रोखे तर 2017 च्या वित्त विधेयकातूनच आले, तेही धन विधेयक म्हणून. ते घटनाबाह्य ठरायला 15 फेब्रुवारी 2024 उजाडला. तोपर्यंत किती निवडणुका होऊन गेल्या, ते मोजा.

कुणी म्हणेल, कायदा कसा झाला याच्याशी सामान्य माणसाला काय करायचे आहे? पैसा खात्यात आला म्हणजे झाले. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे हे आम्ही मान्य करतो. शिष्यवृत्ती थेट खात्यात येऊ लागल्यावर मधले काही हात कमी झाले, हे आमच्या मुलांनी अनुभवले आहे. पण आमच्याच वस्तीत आयुष्यभर धुणीभांडी आणि रोजंदारी करून बोटांचे ठसे पुसलेल्या बाया आहेत. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा लागत नाही. मग त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, बुडालेली रोजी कुणी भरून देत नाही. खात्याला आधार जोडले गेले नाही म्हणून विद्यार्थ्याचा हप्ता अडकतो आणि कॉलेज त्याला थकबाकीदार म्हणते. समितीपुढे साक्षी झाल्या असत्या, राज्यसभेला नकाराचा अधिकार असता, तर अंगठा न लागणाऱ्या बाईचे काय करायचे हा प्रश्न कायदा होण्याआधी विचारला गेला असता. चर्चा गाळली की त्या चर्चेत ज्यांचे नाव निघाले असते, तेच माणूस गाळले जाते. आणि ते माणूस बहुतेक वेळा आपले असते.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा, हे आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. त्याआधी चार आठवड्यांच्या आत बाबासाहेब काय करत होते? मुंबई कायदे कौन्सिलचे नवे सदस्य म्हणून 24 फेब्रुवारी 1927 रोजी ते अर्थसंकल्पावर बोलले. उत्पन्न नसलेल्याला आयकर नाही, मग पिको वा न पिको, लहान शेतकऱ्याला शेतसारा का, असा त्यांचा सवाल होता. 12 मार्चला ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार माणशी शिक्षणावर चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते, निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी आकड्यांनिशी सुनावले. आणि आठ दिवसांनी ते तळ्यावर होते. तळ्याचे पाणी आणि तिजोरीचा पैसा, दोन्ही सार्वजनिक. दोन्हींवर त्यांनी एकाच महिन्यात हक्क सांगितला. ज्यांनी ब्रिटिश भारताच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यांच्यासाठी अर्थसंकल्प ही कारकुनांची वही नव्हती.

पुढे संविधान सभेत त्यांनी या वहीला कुलूप-किल्ली करून दिली. जुन्या राजवटीत खर्चाच्या यादीवर गव्हर्नर जनरलची सही पुरेशी असे. तिच्या जागी लोकप्रतिनिधींनी करायचा विनियोजन कायदा आला, आणि त्याबरोबर लेखानुदानही आले. 31 मार्चची घाई मानेवर असली की सभागृह चर्चा आवरते घेते, म्हणून काही महिन्यांचा खर्च आगाऊ मंजूर करावा आणि बाकी अर्थसंकल्पावर निवांत चर्चा करावी, असा तो विचार. चर्चेला वेळ मिळावा म्हणून संविधानात खास दार ठेवले आहे, आणि आपण मात्र "वेळ नव्हता म्हणून गिलोटिन" हे उत्तर ऐकून घेतो! नियंत्रक व महालेखापरीक्षकाबद्दल तर 30 मे 1949 रोजी ते म्हणाले होते की हा कदाचित संविधानातला सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचे काम न्यायव्यवस्थेपेक्षाही मोलाचे आहे. आज त्या अधिकाऱ्याचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात. आमदार बॅगा भरत असतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक बातमी येते, आणि अहवाल लोकलेखा समितीच्या रांगेत जाऊन बसतो.

या सगळ्याचा आपल्या वाट्याशी काय संबंध, ते पाहा. विशेष घटक योजनेचे तत्त्व सोपे आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, तो दुसरीकडे वळवायचा नाही आणि वाया जाऊ द्यायचा नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपण 11.8 टक्के आहोत. जुलै 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, 94,889 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी 25,000 कोटी. पुरवणी मागण्यांचे अधिवेशन लहान, चर्चा त्याहून लहान. मग मे 2025 मध्ये बातमी आली की त्या योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे 335 कोटींहून अधिक रुपये वर्ग झाले. खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. ते पंधराशे रुपये आमच्या आया-बहिणींनाही मिळतात आणि त्यांच्या ताटातला घास काढा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की जी योजना सगळ्या जातींच्या बहिणींना आहे, तिच्यातला आपल्या बहिणीचा हप्ता तेवढा वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या पैशातून का? तिचा भाऊ शिकतोय त्याचा पैसा काढून तिच्या हातात ठेवायचा आणि दोघांवर उपकार केले म्हणायचे, हा कुठला न्याय? हा प्रश्न मे महिन्यात वाहिन्यांवर गाजला. तो सभागृहात, पैसा जाण्याआधी, कपात सूचनेच्या रूपाने गाजायला हवा होता.

वळवलेला पैसा आणि चोरलेला पैसा वेगळा, असेही सांगितले जाते. आपल्याला दोन्हींचा अनुभव आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने मातंग समाजासाठी काढलेल्या महामंडळात शेकडो कोटींच्या गैरव्यवहाराचा आरोप झाला आणि ऑगस्ट 2015 मध्ये महामंडळाच्या माजी अध्यक्षांना, जे तेव्हा आमदार होते, अटक झाली. खटला न्यायालयाचा विषय. पण महामंडळाला दरवर्षी भागभांडवल देताना, मागच्या पैशाचा हिशोब कुठे आहे असे सभागृहाने खडसावून विचारले असते, तर मामला इथवर आला असता का? चोराला पकडणे हे पोलिसांचे काम, पण तिजोरीवर पहारा हे सभागृहाचे काम आहे.

इथे आपल्या प्रतिनिधींचे नाव घ्यावेच लागेल. महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींसाठी 29 जागा राखीव आहेत, लोकसभेत 84. पुणे कराराने दिलेल्या या जागांवर निवडून येणारा माणूस पक्षाच्या व्हीपला बांधलेला असतो, हे खरे. 1985 च्या पक्षांतरबंदीने तो आणखी बांधला गेला. सरकारविरुद्ध मत देऊन आमदारकी घालवा असे आम्ही कुणाला सांगत नाही. पण तारांकित प्रश्नाला व्हीप नसतो. लक्षवेधीला नसतो, अर्धा तास चर्चेला नसतो. 14 एप्रिलला निळा फेटा बांधून स्टेजवर बसणाऱ्या आमदाराला आपण एवढे तरी विचारू शकतो की साहेब, 'एन' ची मागणी मताला आली तेव्हा तुम्ही सभागृहात होता का?

दुसरा आक्षेप असा येतो की सभागृह चालूच देत नाहीत, विरोधकच गोंधळ घालतात, मग चर्चा होणार कशी? गोंधळ सगळ्याच पक्षांनी घातला आहे, त्यात कुणी सोवळे नाही. पण गोंधळात विधेयक मताला टाकायचे की कामकाज थांबवायचे, हे ठरवणारा अध्यक्ष असतो, आणि कामकाजाचे वेळापत्रक सत्ताधारी मांडतात. गोंधळाचा फायदा ज्याच्या विधेयकाला होतो, त्याने गोंधळाकडे बोट दाखवू नये.

तिसरे, फक्त कायदा मागून भागेल का? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्ये उपयोजनेचा स्वतंत्र कायदा केला, तेलंगणाने 2017 मध्ये. महाराष्ट्रात असा बजेट कायदा व्हावा ही चळवळीची जुनी मागणी आहे आणि आम्ही तिच्यासोबत आहोत. पण कर्नाटकात कायदा असूनही 2023-24 मध्ये या निधीतले अकरा हजार कोटींहून अधिक रुपये हमी योजनांसाठी दाखवले गेले. कायदा कागदावर असतो, पहारा माणसांना द्यावा लागतो.

म्हणून आमच्या अभ्यासवर्गाने स्वतःला लावून घेतलेली कामे तुमच्यापुढे ठेवतो. ज्याला जमेल त्याने आपल्या तालुक्यात सुरू करावीत.

1. अर्थसंकल्प मांडला की आठ दिवसांत 'एन' आणि 'टी' खात्यांची पुस्तके आणि बाकी खात्यांतली 789 ची पाने काढायची. ती सरकारच्या संकेतस्थळावर असतात. सगळे रकाने फळ्यावर लिहून विहारात वाचायचे.

2. मागण्या मताला येण्याआधी आपल्या आमदाराला लेखी प्रश्न द्यायचा, लेखाशीर्षासकट. "शिष्यवृत्ती वेळेवर द्या" एवढेच लिहिले तर उत्तर मिळते "कार्यवाही सुरू आहे". "अमुक लेखाशीर्षाखाली मूळ अंदाज एवढा, सुधारित एवढा, फरक कुठे गेला" असे लिहिले तर उत्तर द्यावे लागते.

3. पुरवणी मागण्यांच्या अधिवेशनात हेच पुन्हा. पैसा हलतो तो तिथे.

4. महालेखापरीक्षकांचा अहवाल आला की आपल्या जिल्ह्याचे नाव त्यात आहे का ते शोधायचे, आणि अनुसूचित जाती कल्याण समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर आली की त्या परिच्छेदासह निवेदन द्यायचे.

5. मागणी करायची की प्रत्येक खात्याची मागणी मताला येण्याआधी आमदारांच्या समितीपुढे तपासली जावी. लोकसभेत विभागीय स्थायी समित्या 1993 पासून आहेत, केरळच्या विधानसभेत विषय समित्या हे काम करतात. सामाजिक न्यायाची मागणी तर कधीही गिलोटिनखाली जाऊ नये, असा नियमच हवा.

त्या चार मुलींचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. हप्ता उशिरा आला. तिघींनी शिक्षण पूर्ण केले. एकीने मधल्या वर्षात कॉलेज सोडले आणि ती आता पुण्याजवळ एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला आहे. तिच्या वर्षाची भरपाई कोणत्याही सुधारित अंदाजात दिसणार नाही. कुठल्या तरी मार्चमध्ये, कुठल्या तरी दुपारी, ती मागणी "होय" च्या एका आवाजात मंजूर झाली आणि पुढे वर्षभर ती कुणी मोजली नाही, एवढीच तिची सरकारी नोंद.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या तारखा जाहीर होतील. त्या आपल्या कॅलेंडरवर 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरच्या शाईनेच लिहून ठेवा.

जय भीम! जय संविधान!